इतिवृत्त, विषय क्रमांक सात

सभा कोल्हापुरात ठेवली, कारण दिल्लीत उष्मा होता
आणि मुंबईत पत्रकार.
ताराबाई पार्कातल्या हॉटेलचा तळमजला,
हिरव्या बनातीचं टेबल, सात खुर्च्या.
आठवी माझी, भिंतीला टेकून:
अश्वशर्यत नियमन मंडळाचा इतिवृत्तलेखक,
बावीस वर्षं, पाच अध्यक्ष.

एवढ्या वर्षांत घोड्याला हात लावलेला नाही.
मला घोडे माहीत ते कागदावरचे:
रंग, वय, आईबाप,
लघवीच्या नमुन्याचा क्रमांक.

विषय एक ते सहा चहाच्या आत उरकले.
चाबकाचे फटके आठावरून सहावर आले,
शेवटच्या दोनशे मीटरांची सवलत ठेवून.
जॉकींच्या विम्याचं पुढच्या बैठकीत बघू.
गेल्या बैठकीतही ते पुढच्याच बैठकीत होतं.

विषय सात. चंद्रसेना, घोडी, चार वर्षं.
नमुना अ सदोष.
नमुना ब प्रयोगशाळेच्या वाटेवर गहाळ.
मालकांच्या यादीत तिसरं नाव अध्यक्षांच्या मेहुण्याचं.
अध्यक्ष उठले. म्हणाले, मी बाहेर थांबतो,
तुम्ही मोकळेपणानं बोला.
बाहेर म्हणजे काचेच्या दारापलीकडे,
आमच्याकडे पाठ करून.
सगळे त्या पाठीकडे बघत मोकळेपणानं बोलले.

कर्नल घासवाला म्हणाले, संस्था व्यक्तीपेक्षा मोठी असते.
माना डोलल्या.
मग चौकशी थांबवून व्यक्तीला दोन वर्षांची मुदतवाढ.
पाच हात वर.
सहावा डॉ. हेरवाडकरांचा, टेबलावर, पालथा,
बिथरलेल्या जनावराच्या मानेवर ठेवावा तसा.
'विरोध आहे का, डॉक्टर?'
'विरोध नंतर. आधी नमुना कुठंय ते सांगा.'
कुणीतरी हसलं. पांढरा रस्सा आला.
उपाध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले,
लिहा, सर्वानुमते.

लिहिलं.
हा शब्द हाताच्या इतका अंगवळणी पडलाय
की अक्षराआधी रफार पडतो.

संध्याकाळी उगाच चालत सुटलो,
गंगावेशीतून पुढं, पंचगंगेच्या अंगाला.
एका पत्र्याच्या शेडखाली बाबालाल नालबंद
शर्यतीच्या घोडागाडीची घोडी धरून बसलेला.
धरून तरी कसं म्हणू?
दोर नव्हता, माणूस नव्हता दुसरा.
त्यानं घोट्यामागं दोन बोटं टेकली
आणि तिनं पाय उचलून त्याच्या मांडीवर दिला.

'पळून गेली तर?'
'जाईल की. तिला काय मी कोंडलंय व्हय?
खिळा एक सूत आत गेला तर
उद्या ह्यो पाय मला द्यायची न्हाई.
परवा मग दहा माणसं लावा न्हाईतर
मोठा सायेब आणा, देत न्हाई म्हंजे न्हाई.'

ठोका, कान, ठोका, कान.
प्रत्येक खिळ्यानंतर तो घोडीचे कान बघायचा.
तिसऱ्या खिळ्याला डावा कान मागं गेला.
त्यानं खिळा उपसला, टोक बोटावर घासलं,
बाजूला टाकला,
दुसरा घेतला.
हे कुठल्या नियमात बसतं ते त्याला विचारायचं होतं.
विचारलं नाही. नियम मी टंकलेले आहेत.

'हात लावून बघा, सायेब.'
गरम होती मान. कातडीखालून काहीतरी
सरकत गेलं, पाण्याखालून मासा जावा तसं.
मी दचकलो. ती नाही.

आता रात्रीचे साडेअकरा. लॉजवर
पक्की प्रत काढतोय. सकाळी सह्या.
विषय सातवर येऊन पेन थांबलंय.
खिशात त्या शेडमधली तासलेली चकती,
नखाएवढी, चंद्रकोरीसारखी, खुराची.
का उचलली माहीत नाही.

मंडळाचं एक कोरं पाकीट घेऊन आत टाकली.
लाख नव्हती, डिंक लावला.
सवयीनं वर लिहीत गेलो:
तारीख. वेळ, सहा वाजून चाळीस.
ठिकाण, गंगावेशीपुढची शेड.
जनावर, घोडी, तांबडी, नाव विचारायचं राहिलं.
नमुना कोणी घेतला, माझं नाव.
कोणासमक्ष, बाबालाल नालबंद.

सगळे रकाने भरले.
आता विषय सातची ओळ पुन्हा वाचतोय,
आणि रफार तेवढा
खोडरबरानं निघत नाही.